आजीला चष्म्याशिवाय सुई ओवता येऊ लागली तेव्हा

माझी आजी बाहत्तर वर्षांची होती. एका दुपारी ओसरीवर गोधडीला टाके घालत बसली होती. सुई ओवायची म्हणजे ती आम्हा नातवंडांपैकी कुणाला तरी हाक मारायची. त्या दिवशी हाक आली नाही. तिनं चष्मा काढून बाजूला ठेवला, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि पहिल्याच फटक्यात सुई ओवली. घरात कौतुकच कौतुक. 'या वयात नजर परत आली' असं आल्यागेल्या प्रत्येकाला सांगून झालं.

नजर परत आली नव्हती. मोतीबिंदू सुरू झाला होता. डोळ्यातलं भिंग वयानुसार आतून कडक आणि दाट होत जातं, तेव्हा ते प्रकाशाला जास्त वाकवू लागतं आणि माणसाला मायनस नंबर लागतो. मायनस नंबरवाल्यांना जवळचं चष्म्याविना दिसतं, तेवढंच आजीचं झालं होतं. त्याच दिवसांत फाटकातून येणारा माणूस बोलेपर्यंत तिला ओळखू येत नव्हता, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पुढे दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि आजी शेवटपर्यंत पोथी वाचत होती.

बाबांचं तसं झालं नाही. ते अंधूक दिसतं म्हणू लागले तेव्हा आजीचा अनुभव गाठीशी होता. त्यामुळे आम्ही घरीच ठरवून टाकलं, मोतीबिंदू असणार, पिकू दे, मग काढू. मोतीबिंदू होताच. पण सोबत काचबिंदूही होता, आणि तो आमच्यापैकी कुणाच्या मनातसुद्धा आला नव्हता. दीड वर्ष थांबलो. उजव्या डोळ्यानं आता त्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

हा लेख त्या दीड वर्षामुळे लिहिते आहे. उतारवयात नजर हिरावून घेणारे मुख्य आजार चार: मोतीबिंदू, काचबिंदू, पडद्याच्या मध्यभागाची झीज आणि मधुमेहामुळे पडद्यावर होणारे बदल. घरात या चारही गोष्टींना आपण एकच वाक्य लावतो, 'वयानं होतंच.' पण चौघांचा स्वभाव वेगळा आहे. मोतीबिंदूनं गेलेली नजर बहुतेक वेळा परत मिळते. काचबिंदूनं गेलेली कधीच परत मिळत नाही. उरलेल्या दोघांत आपण किती लवकर पोचलो यावर सगळं ठरतं. आणि जो आजार सगळ्यात कमी त्रास देतो, त्याच्यासाठीच सगळ्यात जास्त घाई करावी लागते.

आधी डोळ्याची रचना थोडक्यात. बाहेरून दिसणाऱ्या काळ्या बाहुलीच्या मागे भिंग असतं, मसुराच्या दाण्याच्या आकाराचं पण त्याहून मोठं. हे भिंग समोरचं दृश्य डोळ्याच्या मागच्या आतल्या भिंतीवर पाडतं. ती भिंत म्हणजे डोळ्याचा पडदा. पडद्यापासून एक जाड नस मेंदूकडे जाते, तिच्यात साधारण १० ते १२ लाख तंतू असतात. मोतीबिंदू होतो भिंगात, काचबिंदू मारतो नसेला, आणि बाकीचे दोन आजार पडद्याचे. एवढं लक्षात राहिलं तरी पुढचं सगळं सोपं आहे.

मोतीबिंदू: काढता येतो, म्हणून उशीर करू नये

भिंगातली प्रथिनं आपण जन्मल्यापासून जवळपास तीच असतात. केस, नखं, कातडी नवी होत राहते, भिंगाच्या गाभ्याला ती सोय नाही. साठ-सत्तर वर्षं ऊन पाहून ती प्रथिनं गुठळ्या धरू लागतात आणि पारदर्शक भिंग पिवळसर, मग तपकिरी, शेवटी पांढरं होतं. कच्च्या अंड्यातला पारदर्शक भाग तव्यावर पांढरा होतो ना, तसंच काहीसं, फक्त फार सावकाश. शिजलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही, तसं मोतीबिंदू विरघळवणारं औषधही आजवर निघालेलं नाही. जाहिरातीत कुठलेही थेंब, कुठलाही अर्क, कुठलंही अंजन दिसो, त्यात पैसे घालू नयेत. मधुमेह, तंबाखू, वर्षानुवर्षं घेतलेली स्टिरॉइडं आणि डोळ्याला लागलेला जुना मार यांनी मोतीबिंदू वेळेआधीही येतो.

२०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांत अंधत्वाचं प्रमाण १.९९ टक्के आढळलं, आणि त्यातल्या ६६.२ टक्के अंधत्वाचं कारण शस्त्रक्रिया न झालेला मोतीबिंदू हे होतं. म्हणजे या देशातल्या वयस्कर अंधांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश लोक अशा आजारानं अंध आहेत, ज्यावर अर्ध्या तासाचा इलाज जिल्हा रुग्णालयात फुकट मिळतो. मला हा आकडा वाचून नेहमी अस्वस्थ व्हायला होतं.

इलाजाची गोष्ट जुनी आहे. सुश्रुताच्या परंपरेत सुईनं धूसर भिंग बाजूला ढकलत, म्हणजे उजेड आत जाऊ लागे, पण भिंगच जागेवर नसल्यानं दिसे ते पुसट. पुढे भिंग काढून टाकायला सुरुवात झाली, तरी सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आयुष्यभर लावावा लागे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या फोटोंत तो दिसतो. चित्र बदललं ते १९४९ मध्ये. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधले डॉक्टर हॅरल्ड रिडली यांनी महायुद्धातले जखमी वैमानिक तपासले होते. विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिकचे बारीक तुकडे त्यांच्या डोळ्यांत रुतून बसले होते, तरी डोळा त्या तुकड्यांवर चिडत नव्हता. मग त्याच पदार्थाचं भिंग करून डोळ्यात बसवलं तर? रिडलींनी ते बसवलं. त्यांच्याच क्षेत्रातल्या अनेकांनी वर्षानुवर्षं विरोध केला. आज आपण सहज 'लेन्स बसवली' म्हणतो ती हीच. १९६७ मध्ये अमेरिकेतले चार्ल्स केलमन यांनी दातांच्या डॉक्टरकडच्या कंपन यंत्रावरून कल्पना घेऊन भिंग आतल्या आत फोडून ओढून काढायची पद्धत आणली. तीच फेको. दोन-तीन मिलिमीटरची चीर, टाका नाही.

भारतात लेन्स महाग होती तोवर ती गरिबाच्या डोळ्यात जाणं अवघड होतं. डॉक्टर गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ मध्ये मदुराईत ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. त्याच संस्थेनं १९९२ मध्ये लेन्सचा कारखाना काढला आणि किंमत कितीतरी पटींनी खाली आणली. महाराष्ट्रात जे. जे. रुग्णालयातून डॉक्टर तात्याराव लहाने यांनी एक लाखाहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया केल्या, गावोगावच्या शिबिरांतून माणसं आणून. अशा कामांमुळे 'डोळ्याचं ऑपरेशन' या शब्दांची भीती आपल्याकडे ओसरली.

भीती ओसरली, तरी काही जुने समज अजून चिवट आहेत. 'पिकू दे' हा त्यातला पहिला. जुन्या पद्धतीत भिंग कडक झाल्यावर काढणं सोपं जायचं, म्हणून तो सल्ला तेव्हा बरोबर होता. आता उलटं आहे. फार पिकलेला मोतीबिंदू फोडायला जास्त ताकद लागते, आणि फुगलेलं किंवा गळू लागलेलं भिंग डोळ्याचा दाब एकाएकी वाढवू शकतं. रोजचं काम अडू लागलं, रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे दिसू लागले, जिना उतरताना पाय चाचपडू लागला, की तीच योग्य वेळ. दुसरा समज म्हणजे ऑपरेशन थंडीतच करावं. त्याला काही आधार नाही. वर्षभरात केव्हाही करता येतं.

लेन्स कोणती घ्यावी यावर दवाखान्यात बराच वेळ जातो. साध्या लेन्सनं लांबचं चांगलं दिसतं आणि वाचायला चष्मा लागतो. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी लेन्स महाग असते आणि तिच्यामुळे काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. पडदा किंवा नस आधीच कमजोर असेल तर ती महाग लेन्स बहुधा घेऊ नये. माझं मत विचाराल तर कर्ज काढून भारी लेन्स घेण्यापेक्षा साधी लेन्स आणि वेळेवर शस्त्रक्रिया शंभर पटींनी बरी.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत दुखणं वाढलं, लाली वाढली, स्वच्छ झालेलं पुन्हा धूसर झालं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरला गाठायचं. आत जंतुसंसर्ग झाला असेल तर तास मोजावे लागतात. आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागलं तर घाबरू नका. मोतीबिंदू परत आलेला नसतो, लेन्सच्या मागची झिल्ली जाड झालेली असते. ती लेसरनं काही मिनिटांत उघडतात. 'लेसरनं मोतीबिंदू काढला' असं बरेच जण सांगतात ते बहुतेक वेळा हेच असतं.

काचबिंदू: जो दुखत नाही

बाबांची उजवी बाजू दाराच्या चौकटीला लागायची. खांद्यावर निळे डाग पडलेले असत. ताटात उजवीकडे वाढलेली चटणी राहून जायची आणि आई म्हणायची, आवडेनाशी झाली वाटतं. 'दिसतंय का नीट?' विचारलं तर बाबा समोरच्या कॅलेंडरवरचे बारीक आकडे वाचून दाखवायचे. डाव्या डोळ्यानं वाचत होते, आणि दोन्ही डोळे उघडे असल्यामुळे ते त्यांनाही कळत नव्हतं.

काचबिंदूचा कावा हाच आहे. नजर कडेकडून जाते, मधून नाही. आणि जिथलं दिसेनासं होतं तिथे काळा डाग दिसत नाही. आजूबाजूच्या दृश्यावरून मेंदू ती जागा भरून काढतो. भिंत असेल तर भिंत, रस्ता असेल तर रस्ता. त्या रिकाम्या जागेतून एखादी स्कूटर अचानक 'उगवते' तेव्हा माणूस म्हणतो, कुठून आली ही? मधलं अक्षर वाचणारी नजर सगळ्यात शेवटी जाते. म्हणून चष्म्याच्या दुकानात तक्ता वाचून आलेला माणूस काचबिंदूतून सुटला असं समजू नये.

होतं काय ते पाहू. डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून वाहून जात असतं. अश्रूंचा याच्याशी संबंध नाही, हे पाणी आतलं. मोरीच्या जाळीत केस अडकले की पाणी तुंबतं, तसं ही जाळी वयानुसार बुजत गेली की आतला दाब चढतो. हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, सर्वसाधारणपणे १० ते २१. चढलेला दाब मागच्या नसेचे तंतू चिरडत राहतो. मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. रक्तदाबाशी याची गल्लत करू नये, बीपीची गोळी डोळ्याचा दाब आटोक्यात ठेवत नाही. आणि काहींची नस इतकी नाजूक असते की दाब १६-१७ असूनही झिजते. त्यामुळे नुसता दाबाचा आकडा पाहून 'नॉर्मल आहे' म्हणणंही पुरेसं नाही. डॉक्टरांनी बाहुली मोठी करून नस प्रत्यक्ष बघायला हवी, शंका आली तर फील्डची तपासणी, म्हणजे नजर एका ठिकाणी ठेवून बाजूला लुकलुकणारे ठिपके दिसले की बटण दाबायचं, आणि ओसीटी, म्हणजे प्रकाशानं नसेच्या थराची जाडी मोजणारा स्कॅन, करायला हवा.

यातला एक प्रकार मात्र गाजावाजा करत येतो. काहींच्या डोळ्यात, विशेषतः प्लस नंबरच्या लहान डोळ्यांत आणि बायकांत जास्त, ती पाण्याची वाट मुळात अरुंद असते आणि एखाद्या दिवशी अचानक बंद होते. डोळा लालबुंद, कपाळ फुटेल अशी वेदना, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं, आणि उलट्या. उलट्या आणि डोकेदुखी म्हटल्यावर माणसं पित्त समजून आलेलिंबाचा रस पाजत बसतात. डोळा लाल आणि उलट्या एकत्र दिसल्या तर थेट डोळ्यांचा दवाखाना. अरुंद वाट आधीच सापडली तर लेसरनं बुबुळात बारीक भोक पाडून हा झटका टाळता येतो.

इलाज एकच गोष्ट करतो, दाब खाली आणतो. त्यानं उरलेली नजर टिकते, गेलेली येत नाही. हे रुग्णाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं, कारण थेंब घालूनही 'काही फरक पडत नाही' म्हणून बरेच जण थेंब सोडतात. फरक पडत नाही हाच तर त्याचा फायदा. लॅटॅनोप्रोस्टसारखे थेंब रात्री एकदा घालायचे असतात, त्यांनी पापण्यांचे केस थोडे लांब होतात, पापणीची कातडी काळवंडू शकते. टिमोलॉल स्वस्त आणि चांगलं, पण दमा असलेल्याला किंवा हृदयाचे ठोके मंद असलेल्याला धोकादायक. डोळ्याचा थेंब छातीला काय करणार असं वाटून दमा आहे हे सांगायचं राहून जातं. ते आवर्जून सांगा.

थेंब घालण्याची पद्धत मी बाबांकडून शंभरदा चुकून शिकले. मान मागे, खालची पापणी बोटानं खाली ओढून खळगी करायची, त्यात एकच थेंब, बाटलीचं तोंड पापणीला न लावता. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटानं दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकावाटे घशात आणि रक्तात कमी जातं. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी. एकदम तीन थेंब घातल्यानं काही जास्त होत नाही, दोन गालावरून ओघळतात आणि बाटली पंधरा दिवसांत संपते. हात थरथरत असेल तर झोपून घालावेत, किंवा घरातल्यांनी घालावेत.

थेंबांऐवजी सुरुवातीलाच जाळीवर सौम्य लेसर करायचा पर्यायही आता आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात तो पहिला उपचार म्हणून थेंबांच्या तोडीचा ठरला. रोजचं औषध विसरणाऱ्यांसाठी मला तो मोठा दिलासा वाटतो. तरीही दाब ऐकेना तर शस्त्रक्रियेनं पाण्याला नवी वाट करून देतात.

दोन गोष्टी अजून, आणि त्या मी कळकळीनं सांगते. डोळा लाल झाला, खाज आली म्हणून औषधाच्या दुकानातून घेतलेल्या थेंबांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. त्यानं लगेच बरं वाटतं, म्हणून महिनोन् महिने घातलं जातं, आणि दाब चढून तरण्या मुलांनासुद्धा काचबिंदू होतो. आणि काचबिंदू रक्ताच्या नात्यात येतो. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला असेल तर बाकीच्यांनी चाळिशीपासून तपासणी करायलाच हवी. बाबांचं निदान झाल्यावर मी आणि धाकटा भाऊ दोघेही गेलो. भाऊ चव्वेचाळीसचा, शेवटची ओळ धडाधड वाचणारा. 'मला सगळं दिसतंय' म्हणत खुर्चीत बसला. त्याच्या डाव्या नसेत झीज सुरू झालेली निघाली. तो आता रोज रात्री थेंब घालतो, आणि दोन वर्षांत त्याच्या फील्डमध्ये एक ठिपकाही कमी झालेला नाही.

पडद्याचा मधला भाग

पडद्याच्या अगदी मध्ये जेमतेम साडेपाच मिलिमीटरची एक जागा आहे. वाचणं, चेहरा ओळखणं, तांदूळ निवडणं, हे सगळं तिच्या जोरावर. वयानुसार या जागेखाली पिवळसर कचरा साठतो आणि वरच्या पेशी उपाशी पडू लागतात. ही कोरडी झीज, सावकाश चालणारी. काहींच्या बाबतीत पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात आणि त्यांतून पाणी, रक्त झिरपतं. ही ओली झीज, आणि ती काही आठवड्यांत मधली नजर घालवू शकते. कडेचं दिसत राहतं, त्यामुळे माणूस घरात बिनधोक फिरतो, पण नातवाचा चेहरा दिसत नाही.

हिची पहिली खूण घरीच कळते. सरळ रेघा वाकड्या दिसतात. खिडकीचे गज, फरशीच्या सांधी, दाराची चौकट. अट एकच, एक डोळा हातानं झाकून बघायचं, मग दुसरा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं झाकून टाकतो, आमच्या बाबांसारखंच. साठीनंतर आठवड्यातून एकदा, वाचायचा चष्मा लावून, आलेख-वहीच्या पानावर मध्ये टिंब काढून हे करावं. चौकडी वाकली किंवा मधून गायब झाली तर पुढच्या सोमवारची वाट बघू नये.

ओल्या झीजेवर डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकून पोटात गोळा येतो, पण डोळा बधिर केलेला असतो आणि सुई अगदी बारीक. नव्या वाहिन्या वाढवणारं एक प्रथिन शरीरात असतं, हे औषध त्याला अडवतं. ही औषधं आली कशी ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. बेव्हॅसिझुमॅब हे २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झालेलं औषध. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याचा अगदी थोडा अंश डोळ्यात देऊन पाहिला, आणि पडद्याखालचं पाणी ओसरलं. २००६ मध्ये खास डोळ्यासाठी केलेलं रॅनिबिझुमॅब मान्य झालं, ते कितीतरी महाग होतं. २०११ मध्ये दोघांची समोरासमोर तुलना झाली तेव्हा नजर राखण्यात दोन्ही सारखीच निघाली. भारतात २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबची देशी आवृत्तीही आली. म्हणून डॉक्टरांना स्वस्त पर्याय विचारायला संकोच करू नका. एका इंजेक्शनानं भागत नाही. सुरुवातीला दरमहा, मग गरजेप्रमाणे, अनेकदा वर्षानुवर्षं. चौथ्या इंजेक्शनाला 'आता बरं आहे' म्हणून न जाणारे लोकच पुढे नजर गमावतात.

कोरड्या झीजेवर ठाम इलाज अजून नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये दोन इंजेक्शनं मान्य झाली, ती शेवटच्या टप्प्यातली झीज थोडी मंदावतात, नजर सुधारत नाहीत. मधल्या टप्प्यावर विशिष्ट प्रमाणातली जीवनसत्त्वं, जस्त आणि ल्युटीन यांच्या गोळ्यांनी पुढे सरकण्याची शक्यता सुमारे पावपट कमी होते. पण हा टप्पा आहे का ते डॉक्टर सांगतील. निरोगी डोळ्याला त्या गोळ्यांचा असा फायदा दिसलेला नाही, आणि जुन्या प्रकारातलं बीटा कॅरोटीन विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवतं. विडी सोडणं हे मात्र कुठल्याही टप्प्यावर उपयोगी आहे.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण तिच्यापायी म्हातारी माणसं गप्प बसून भितात. नजर बरीच कमी झाली की काहींना नसलेल्या गोष्टी दिसतात: खोलीत लहान मुलं, भिंतीवर नक्षी, अंगणात अनोळखी बायका. माणसं पूर्ण शुद्धीत असतात आणि हे खरं नाही हेही त्यांना बहुधा कळतं. स्विस अभ्यासक चार्ल्स बॉनेट यांनी आपल्या आजोबांच्या बाबतीत १७६० मध्ये हे लिहून ठेवलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. डोळ्याकडून येणारं चित्र आटलं की मेंदू स्वतःचं चित्र काढतो, एवढंच. हे वेड नव्हे, बाहेरचं काही लागलेलं नव्हे, अंगारा लावायची गरज नाही. 'आई, असं होतं, डॉक्टरांना माहीत आहे' एवढं ऐकल्यावर त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

मधुमेह असेल तर

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाप्रमाणे भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. वाढलेली साखर पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कुरतडते. त्या गळतात, बंद पडतात, मग पडद्यावर नव्या ठिसूळ वाहिन्या फुटतात आणि एखाद्या सकाळी डोळ्यात रक्त पसरून जाळंजाळं दिसतं. तोवर नजर सहाला सहा असू शकते. म्हणून नियम सोपा आहे: चाळिशी-साठीतल्या नेहमीच्या मधुमेहात ज्या दिवशी निदान झालं तेव्हाच एकदा, आणि नंतर दरवर्षी, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा, दिसत असो वा नसो. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवलं तर हे बरंच लांबवता येतं. सूज आली तर वर सांगितलेलीच इंजेक्शनं, नव्या वाहिन्या आल्या तर लेसर. लेसर उरलेलं वाचवण्यासाठी असतो, आणि वेळेवर झालेला लेसर खूप वाचवतो.

तपासणीला जाताना

पन्नाशीनंतर काही त्रास नसला तरी वर्ष-दोन वर्षांतून एकदा पूर्ण तपासणी करावी. पूर्ण म्हणजे नंबर, दाब आणि बाहुली मोठी करून पडदा व नस. शिबिरात नुसता चष्म्याचा नंबर काढून दिला तर ती पूर्ण तपासणी नव्हे. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर चार-पाच तास उन्हात डोळे दिपतात आणि जवळचं धूसर दिसतं, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नये, सोबत कुणीतरी असावं. चालू असलेल्या सगळ्या औषधांची चिठ्ठी, जुना चष्मा आणि मागचे कागद न्यावेत. आणि एक प्रश्न ठरवून विचारावा: 'डॉक्टर, मोतीबिंदूशिवाय मागे काही आहे का?' आम्ही तो विचारला असता तर बरं झालं असतं.

अचानक काळे ठिपके वाढले, विजा चमकल्यासारखं दिसू लागलं, किंवा कडेनं पडदा ओढल्यासारखा अंधार सरकू लागला, तर पडदा सुटत असण्याची शक्यता असते. एका डोळ्याची नजर एकाएकी गेली, अगदी न दुखता गेली, तरी त्याच दिवशी निघायचं. गावात डोळ्यांचे डॉक्टर नसतील तर जिल्हा रुग्णालय गाठायचं.

नजर फार कमी झाली असेल तरी करण्यासारखं पुष्कळ उरतं, आणि दवाखान्यात वेळ नसल्यामुळे हे सांगायचं बहुधा राहून जातं. हातातलं उजेडाचं भिंग, मोबाइलवर मोठी अक्षरं आणि वाचून दाखवणारा आवाज, अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्यावरच्या सवलती. आमच्या घरात सगळ्यात जास्त कामाला आलेली वस्तू म्हणजे पिवळी चिकटपट्टी. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला ती लावली. पांढऱ्या भातासाठी स्टीलच्या ताटाऐवजी गडद रंगाचं ताट आणलं. न्हाणीघरातली पांढरी बादली बदलून लाल ठेवली. चटणी आता बाबांच्या डावीकडे वाढतो, ती ताटात उरत नाही.